खोडाखोड मना आहे

होटगी गाव वेगळं आणि होटगी स्टेशन वेगळं. गावाला मठ आहे, तलाव आहे. स्टेशनाच्या वाट्याला सिमेंटचा कारखाना, मालगाड्या आणि दोन दिशांना फुटलेले रूळ. एक वाट वाडी जंक्शनवरून खाली दक्षिणेत जाते, दुसरी विजापूरवरून गदगला. नोकरीची बरीच वर्षं मी या फाट्यावर स्टेशन मास्तर म्हणून काढली आणि रिटायर झाल्यावर इथंच घर बांधलं. सोलापूर पंधरा-सोळा किलोमीटरवर. तिथलं हिराचंद नेमचंद वाचनालय आणि रद्दीची दोन दुकानं एवढ्यावर माझं भागतं.

शाळेत असताना हाताला लागेल ते वाचायचो. नोकरीत ते सुटलं. ड्यूटीवर वाचायला बंदी, आणि ती बरोबरच आहे. नाईट करून आलेला माणूस पुस्तक उघडतो ते झोप यावी म्हणून. बाकी वाचन म्हणजे नियमांचं पुस्तक, सर्क्युलरं आणि प्रमोशनच्या परीक्षेच्या नोट्स. वाचलेलं लक्षात ठेवायचं, कारण कुणीतरी विचारणार. ही सवय अशी अंगात मुरली की रिटायर झाल्यावर कादंबरी हातात घेतली तरी महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारायला हात शिवशिवायचा. आता विचारणार कोण? कुणीच नाही. तरी धाकधूक.

वाचनवही सुरू केली ती या सवयीवर उतारा म्हणून. स्टेशनासमोरच्या टपरीवर दोन तरुण शिक्षक चहाला येतात. "मास्तर, वही कशी ठेवायलाव ते एकदा नीट सांगा की," असं त्यांचं बरेच दिवस चाललं होतं. म्हणून हे लिहून काढलं. क्रमांक घातलेत ते रेल्वेच्या खोडीपायी. पहिल्याला जास्त मान आणि शेवटच्याला कमी, असं काही नाही.

१. तारखा छापलेली डायरी घेऊ नका

जानेवारीत कुणीतरी भेट दिलेली, सोनेरी कडांची डायरी असते ना, ती दुधाच्या हिशेबाला ठेवा. तिच्यात प्रत्येक दिवसाला एक पान असतं आणि कोरं राहिलेलं प्रत्येक पान हजेरी चुकल्यासारखं बघत बसतं. फेब्रुवारीत माणूस कंटाळतो. साधी दोनशे पानी वही घ्या, पुठ्ठ्याची. तारीख आपण घालायची, ज्या दिवशी लिहिलं त्या दिवसाची. मग मधे महिना गेला तरी वहीला कळत नाही.

पेन्सिलीचा महिमा मोठा आहे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' पेन्सिलीनंच लिहून काढलं. पण मी बॉलपेन वापरतो. का ते तिसऱ्या क्रमांकात येईल.

२. गोष्ट लिहू नका, गाठ कशी पडली ते लिहा

शाळेतल्या मुलांना पुस्तकाचा सारांश लिहायला लावतात. लेखक, प्रकाशक, पृष्ठसंख्या, मध्यवर्ती कल्पना, बोध. अशी वही भरली की पुस्तकाचा पंचनामा होतो आणि पुढचं पुस्तक उघडताना आधी त्या पंचनाम्याचं ओझं आठवतं. माझं तरी तसंच झालं असतं.

एक उदाहरण देतो. 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची कादंबरी. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथं नेमणूक झालेला कोवळा मास्तर, शाळा, तालीम, शेवटी दुष्काळ. हे सगळं खरं आहे आणि कुठल्याही प्रतीच्या मलपृष्ठावर मिळतं. माझ्या वहीतली नोंद अशी आहे:

"बनगरवाडी. वाचनालयाची प्रत, पाठ उसवलेली. तिलाटीच्या बाजूला मालगाडी अडकल्यामुळे आमची पॅसेंजर उभी. समोरच्या बाकावर मेंढपाळ नवरा-बायको, सीटखाली पोत्यात कोकरू, फक्त तोंड बाहेर. मास्तर वाडीत पोचतो त्या पानावर कोकरू ओरडलं. म्हातारा म्हणाला, वाचा वाचा, ते भुकेलंय. टीसी आला नाही, देवाची कृपा."

यात कादंबरीची गोष्ट जवळजवळ नाहीच. पण ही नोंद वाचली की अख्खी वाडी उभी राहते, अगदी उन्हासकट. सारांश लिहिला असता तर तो माझा आहे की गाईडमधला, हे आज मलाच सांगता आलं नसतं.

तेव्हा माझे रकाने हे: पुस्तक कुठून आलं, कुठं बसून वाचलं, दिवसाची कुठली वेळ, घरात काय चाललं होतं, आणि कुठल्या जागी थांबून वर बघितलं. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. चांगल्या पुस्तकात माणूस मधेच थांबतो, छताकडे बघतो. तेवढं पान आणि तेवढा विचार टिपायचा. बाकी पुस्तक कपाटात आहेच.

आणि लिहायचं त्याच दिवशी. जर्मनीच्या हर्मन एबिंगहाउस यांनी अर्थ नसलेली अक्षरं पाठ करून करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये मांडलं की विसरण्याचा सगळ्यात मोठा घास पहिल्या काही तासांतच जातो. पुढं विसरण्याचा वेग मंदावतो. त्यांनी निरर्थक अक्षरांचं सांगितलं, कादंबरीतलं माणूस इतक्या लवकर पुसलं जात नाही. पण कोकरू गेलं असतं. दुसऱ्या दिवशीपर्यंत ते मला क्षुल्लक वाटलं असतं.

असली वही ठेवणारा मी काही पहिला नव्हे. लघुनियतकालिकांच्या चळवळीतले कवी सतीश काळसेकर यांच्या 'वाचणाऱ्याची रोजनिशी'ला २०१३ चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं. त्या पुस्तकात पुस्तकांइतकीच माणसं आहेत. गोविंद तळवलकरांचं 'वाचता वाचता' मला आदरणीय वाटतं, पण ते वाचताना मी पुन्हा परीक्षेला बसलो आहे असं वाटतं. काळसेकर वाचताना वाटत नाही. हे माझं मत. तळवलकरांच्या चाहत्यांनी रागावू नये.

३. खोडू नका, एक रेघ मारा

स्टेशन मास्तरच्या टेबलावर गाड्यांचं एक रजिस्टर असतं. शेजारच्या टिकेकरवाडी स्टेशननं लाईन क्लिअर, म्हणजे गाडी पाठवायची परवानगी, दिली की वेळ लिहायची, त्या परवानगीचा सांकेतिक आकडा, म्हणजे प्रायव्हेट नंबर, लिहायचा, गाडी आली की वेळ, गेली की वेळ. त्यात चूक झाली तर खोडायचं नाही, आकड्यावर आकडा गिरवायचा नाही. चुकीच्या नोंदीवर एकच आडवी रेघ, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर आकडा आणि सही. उद्या काही झालं तर चौकशीवाल्याला दिसलं पाहिजे की मास्तरनं आधी काय लिहिलं होतं आणि नंतर काय.

हा नियम मी वहीत जसाच्या तसा घेतला. शाईनं लिहितो ते म्हणूनच.

इरावती कर्व्यांचं 'युगान्त' मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा भीष्मांवरच्या लेखानं चिडलो होतो. वहीत लिहिलंय: "बाईंनी पितामहांना फार सोलून काढलंय. एवढा त्याग केलेल्या माणसाला असं बोलायचं?" नंतर आमच्या घराण्यात वाटणीचा वाद झाला. एका वडीलधाऱ्यानं पूर्वी कधी तरी दिलेला शब्द पाळायचा म्हणून घरातल्या बायकांचं काय होईल हे बघितलंच नाही. शब्द पाळला याचं गावात कौतुक झालं. मी 'युगान्त' परत काढलं. अंबा, अंबिका, अंबालिका यांच्यावरची पानं दोनदा वाचली. मग जुन्या नोंदीवर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: "बाई बरोबर आहेत. त्यागाचं बिल दुसऱ्यांनीच भरलं." खाली सही, तारीख.

जुनी नोंद खोडली असती तर मी आधीपासूनच शहाणा होतो असं वहीनं सांगितलं असतं. 'युगान्त' १९६७ साली आलं. त्यातलं अक्षरही तेव्हापासून हललेलं नाही. हललो मी. किती आणि कुठून कुठं, ते या एका आडव्या रेघेमुळं दिसतं. दुसऱ्यांदा वाचण्यात मजा काय, असं विचारणाऱ्यांना मी हे पान दाखवतो. म्हणजे दाखवलं असतं, पण घराण्याची भानगड आहे.

उलटंही होतं. तरुणपणी ज्याच्यासाठी जीव टाकला असं एक पुस्तक (नाव घेत नाही, लेखकाचे नातेवाईक सोलापुरात आहेत) परत वाचलं आणि प्रत्येक पानावर लेखक आरशात बघतोय असं वाटलं. तिथंही रेघ मारली. वाईट वाटलं, पण मारली.

४. मधेच उतरायला लाज कसली

विजापूरचं तिकीट काढलं म्हणून विजापूरपर्यंत बसलंच पाहिजे असा कायदा रेल्वेतही नाही. इंडी रोडला उतरा. पैसे परत मिळणार नाहीत एवढंच.

आपल्याकडं अर्धवट सोडलेल्या पुस्तकाबद्दल लोक पाप केल्यासारखं बोलतात. फ्रान्समधले एक शिक्षक आणि कादंबरीकार दानिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क लिहून काढले. पहिलाच हक्क न वाचण्याचा, दुसरा पानं गाळण्याचा, तिसरा पुस्तक पुरं न करण्याचा. शिक्षकानं हे लिहावं याचं मला फार कौतुक. आमच्या गुरुजींनी ऐकलं असतं तर छडी काढली असती. डार्विननं १८३८ पासून १८६० पर्यंत वाचनाच्या वह्या ठेवल्या. वाचायची पुस्तकं एकीकडं, वाचलेली दुसरीकडं, आणि नुसतं चाळलं असेल तर तसंही लिहिलेलं. एवढ्या मोठ्या माणसाला चाळलं म्हणून लिहायला संकोच वाटला नाही.

माझ्या वहीत मागच्या बाजूनं 'उतरलो' अशी यादी आहे. पुस्तकाचं नाव, पान, कारण. कारण प्रामाणिक पाहिजे. "भाषा जड" हे कारण मी स्वतःला चालू देत नाही, कारण ते बहुतेक वेळा खोटं असतं. खरं कारण "नायक सारखा स्वतःचं कौतुक करतो", "अक्षर बारीक, चष्मा बदलायला हवा", "क्रिकेटची मॅच". चष्म्याच्या कारणानं सोडलेली पुस्तकं नंतर मोतीबिंदू काढल्यावर पुरी केली. यादी नसती तर ती वाईट पुस्तकं होती असंच मी शेवटपर्यंत समजलो असतो.

५. मोजू नका

हे मी सांगावं म्हणजे गंमत आहे, कारण वॅगन मोजण्यात जन्म गेला. पण पुस्तकं मोजली की माणूस पातळ पुस्तकं शोधतो. टपरीवरच्या दोघांपैकी एकानं मोबाईलवर वर्षाला पन्नास पुस्तकांचा संकल्प सोडला. डिसेंबर आला की तो कवितासंग्रह वाचतो. कविता आवडतात म्हणून नव्हे, चौसष्ट पानांत एक आकडा वाढतो म्हणून. कवितेवर यापेक्षा मोठा अन्याय माझ्या माहितीत नाही.

महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन पाळतात. कल्पना चांगली. त्या दिवशी मुलांना पुस्तक हातात मिळतं, दप्तराविना तासभर बसायला मिळतं. मग किती मुलांनी किती पुस्तकं वाचली याचा तक्ता भरायची वेळ येते आणि मुलं एकमेकांच्या तक्त्यात डोकावतात. मी त्या शिक्षकांना म्हटलं, एकदा आकड्याऐवजी एवढंच विचारा की कुठल्या पानावर हसू आलं. तक्ता भरणार नाही, पण वर्गात गोंधळ चांगला होईल.

६. हलकं आणि भारी एकाच वहीत

मोठ्या स्टेशनांवर व्हीलरचे पुस्तकांचे लाकडी स्टॉल असत. कित्येकांचं वाचन तिथं सुरू झालं, माझंही. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, काळापहाड. हजारावर रहस्यकथा लिहिलेल्या या माणसाचं नाव साहित्याच्या चर्चेत कुणी घेत नाही. पण गाडीच्या डब्यात त्याची पुस्तकं एका हातातून दुसऱ्या हातात फिरत, आणि शेवटचं पान कुणीतरी फाडून नेलेलं असे. खून कुणी केला ते आजही मला काही पुस्तकांत माहीत नाही. पुढं सुहास शिरवळकर, बाबा कदम.

वहीच्या सुरुवातीला मी ही मंडळी लपवत नसलो तरी त्यांच्यासाठी जागा कमी ठेवत होतो. दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्र'ला पानभर, अर्नाळकरांना एक ओळ. मग बायकोनं वही चाळली आणि म्हणाली, "झुंजार वाचताना तुम्ही जेवायला हाक मारली तरी येत नाही. 'ऋतुचक्र' वाचताना पहिल्या हाकेला येताव." खरंच होतं. 'ऋतुचक्र' सावकाश घ्यायचं पुस्तक आहे, महिन्याला एक प्रकरण, त्या-त्या महिन्यात. त्याला पहिल्या हाकेला उठलं तरी ते रागावत नाही. पण जेवण गार करणारं पुस्तक कुठलं, हेही वहीत आलं पाहिजे. तेव्हापासून एक रकाना वाढला: कितव्या हाकेला उठलो.

७. कानानं वाचलेलंही वाचनच

आमच्या भागात घरात कन्नड, बाजारात मराठी, ऑफिसात हिंदी, असं चालतं. मी मराठी शाळेत शिकलो. कन्नड अक्षरं मला स्टेशनच्या पाट्यांपुरती येतात. लच्याणच्या पुढं गेलं की तेवढी लागतातच. त्यामुळं माझ्या आईच्या भाषेतली मोठी पुस्तकं मला मराठीतून वाचावी लागली. कादंबरीकार भैरप्पांची जवळजवळ सगळी, उमा कुलकर्णींनी अनुवाद केलेली.

उमाताईंच्या कामाची पद्धत कळली तेव्हा मी खुर्चीतून उठून घरभर फिरलो. त्यांचे पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक मोठ्यानं वाचून टेप करत, आणि उमाताई ते ऐकत ऐकत मराठीत उतरवत. 'वंशवृक्ष'च्या त्यांच्या अनुवादाला १९८९ चं साहित्य अकादमीचं अनुवाद पारितोषिक मिळालं. म्हणजे ते पुस्तक कागदावरून कागदावर आलंच नाही. मधे एका माणसाचा आवाज आणि एका बाईचे कान होते.

माझी आई अंगठेबहाद्दर होती. अव्वाला वचनं पाठ, हंगामाची गाणी पाठ, अक्षर एक येत नव्हतं. शेवटची काही वर्षं ती अंथरुणावर होती आणि दुपार तिला खायला उठायची. टीव्हीतल्या बायका फार भांडतात म्हणून तो नको असायचा. मी 'वंशवृक्ष' काढलं. मराठीत एक परिच्छेद मनात वाचायचा आणि तिला कन्नडमधून सांगायचा. भैरप्पांनी कन्नडमध्ये लिहिलेलं, उमाताईंनी मराठीत आणलेलं, मी पुन्हा कन्नडमध्ये नेत होतो, तेही होटगीच्या कन्नडमध्ये, ज्यात निम्मी क्रियापदं मराठी वळणाची. भैरप्पांना ते ऐकवलं असतं तर काय म्हणाले असते देव जाणे.

कादंबरीतली विधवा सून कात्यायनी दुसरं लग्न करते आणि मुलगा सासऱ्याकडं, श्रोत्रींकडं, राहतो, त्या जागी अव्वा उठून बसली. "कूस बिट्ट होदळेन?" पोराला टाकून गेली का? मी म्हटलं, टाकून नाही, वंशाचं पोर म्हणून ते सासऱ्याकडं राहिलं. ती म्हणाली, "मग सासऱ्याला विचार, त्याचा बाप कोण ते." मी गार पडलो. कारण पुढं श्रोत्रींना हेच कळतं की ज्या वंशासाठी एवढं केलं त्या वंशाचं रक्त आपल्यात नाहीच. ते प्रकरण अजून मी वाचलंसुद्धा नव्हतं. अक्षर न येणाऱ्या बाईनं कादंबरीचा शेवट शंभर पानं आधी ओळखला.

त्या दिवसाची नोंद माझ्या सगळ्या वह्यांतली सगळ्यात मोठी आहे आणि निम्मी कन्नडमध्ये आहे, देवनागरीत लिहिलेली. 'वाचक' असा नवा रकाना आखून त्यात मी आईचं नाव लिहिलं. मोबाईलवर ऐकायची पुस्तकं आली आहेत आणि लोक विचारतात, ते खरं वाचन का? माझ्या वहीत तरी तो प्रश्न निकालात निघाला आहे.

८. वही घेऊन बाहेर पडा

मारुती चितमपल्ली सोलापूरचे. जन्म १९३२ चा. वनखात्यात आयुष्य काढलं, जंगलात हिंडताना वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या आणि त्यातून 'पक्षी जाय दिगंतरा', 'रानवाटा', 'पक्षिकोश' उभे राहिले. २००६ साली सोलापुरात अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष तेच होते. अखेरच्या दिवसांत ते सोलापूरलाच परतले आणि २०२५ च्या जूनमध्ये इथंच गेले.

'रानवाटा' वाचेपर्यंत होटगीचा तलाव म्हणजे माझ्या लेखी पाणी होतं आणि उन्हाळ्यात चिखल. पुस्तक संपल्यावर मी हिवाळ्यातल्या एका सकाळी तिकडं गेलो. बदकांसारखं काहीतरी भगवं-तांबूस जोडीनं बसलेलं. 'पक्षिकोशा'त शोधलं: चक्रवाक. संस्कृत काव्यात रात्री ज्यांची ताटातूट होते ते. मी समजत होतो ते कवींनी रचलेलं पाखरू आहे. ते इथं, स्टेशनपासून सायकलीच्या अंतरावर, काठावर चोच पुसत होतं.

तेव्हापासून वहीत पुस्तकाच्या नोंदीखाली एक ओळ मोकळी ठेवतो. पुस्तकामुळं पुढं काय बघितलं, कुठं गेलो, कुणाला काय विचारलं. बऱ्याचदा ती मोकळीच राहते. चालतं.

९. काहीच वाचलं नाही, तेही लिहा

"एप्रिल, मे. काही नाही. ऊन." अशी माझी एक नोंद आहे. सोलापूरचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला यापुढं स्पष्टीकरण लागत नाही. अव्वा गेली त्या वर्षी तर पाऊस संपेपर्यंत वही उघडली नव्हती. नंतर उघडली तेव्हा सुटलेले महिने भरून काढायचा विचार केला नाही. "मधे वाचलं नाही" एवढं लिहून पुढच्या ओळीवर नवीन पुस्तक. रजिस्टर बंद पडलं म्हणून गाड्या बंद पडत नाहीत, आणि वाचणं परत सुरू व्हायला काही मुहूर्त लागत नाही. मला त्या वेळी शंकर पाटलांच्या विनोदी कथांनी परत आणलं. कुठल्याही गंभीर पुस्तकाला ते जमलं नसतं.

१०. उसनवारीचं पान शेवटी ठेवा

कुणाला कुठलं पुस्तक दिलं, कधी दिलं, परत कधी आलं. यात भिडस्तपणा नको. समोरच लिहायचं, घेणाऱ्याला दिसेल असं. 'दुनियादारी'च्या माझ्या दोन प्रती याच पानाअभावी गेल्या. एक कुणी नेली त्याचा मला दाट संशय आहे, तो माणूस अजून रोज नमस्कार करतो.

सध्या या पानावर एकच नोंद उघडी आहे. नात पुण्याला शिकते. दिवाळीत आली आणि जाताना 'रानवाटा' बॅगेत टाकून गेली. मी तिच्यासमोर लिहिलं, तिनं हसून सही केली. संक्रांतीला मी आठवण केली तर फोनवर उत्तर आलं: "अज्जा, पुस्तक मैत्रिणीकडं आहे, तिच्याकडून तिच्या रूममेटकडं गेलंय, आणि त्या रूममेटनं वही सुरू केलीय, तिला पहिली नोंद करायची आहे म्हणून अजून आठ दिवस द्या." मी घेणाऱ्याच्या रकान्यात नातीच्या नावावर एक आडवी रेघ मारली, शेजारी 'रूममेट' लिहिलं आणि सही केली. त्या मुलीचं नाव मी अजून विचारलेलं नाही, तो रकाना भरायचा आहे.